पाच टक्के कशावर, ते आधी पाहा

पत्र: मी पाचोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पगार जमा होतो त्या बँकेने दोन क्रेडिट कार्डे पुढे केली आहेत. एक कॅशबॅकचे: ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, दुकानात १ टक्का, वार्षिक शुल्क ९९९ रुपये, वर्षात २ लाख खर्च झाला तर शुल्क माफ. दुसरे रिवॉर्डचे: दर १५० रुपयांना ४ पॉइंट, सुरुवातीला २,००० पॉइंट भेट, विमानतळावर लाउंज, शुल्क १,४९९ रुपये. आमचा महिन्याचा खर्च असा: किराणा, भाजी, दूध ९,०००, औषधे २,०००, ऑनलाइन खरेदी ४,५००, पेट्रोल ३,०००, वीज, मोबाइल, इंटरनेट ३,५००, विम्याचा हप्ता सरासरी २,०००, मुलगा पुण्याला शिकतो, त्याची रेल्वे तिकिटे १,५००. दिवाळीनंतर पुतणीचे लग्न आहे. जळगावहून दीड लाखाचे सोने घ्यायचे आहे. ते कार्डावर घेतले तर ढीगभर पॉइंट मिळतील, असे बँकेतला मुलगा म्हणतो. यजमान शेती करतात, त्यांनाही कार्ड हवे आहे. शिवाय एक जुने कार्ड कपाटात पडून आहे. काय करू?

ताई, खर्च खातेवार लिहून पाठवलात हे फार बरे केले, नाहीतर आम्हालाही अंदाजपंचे उत्तर द्यावे लागले असते. रिवॉर्डचे कार्ड तुमच्या घराला तोट्याचे आहे. कॅशबॅकचे घ्यायला हरकत नाही, पण त्यातून वर्षाला साधारण २,४०० रुपये सुटतील, त्याहून फार नाही. तुमचा महिन्याचा खर्च २५,५०० आहे. त्यावर पाच टक्के म्हणजे वर्षाला १५,३०० रुपये, असा हिशेब कोणाच्याही मनात येतो आणि कार्ड विकणारा तो खोडून काढत नाही.

१५,३०० चे २,४०० कसे होतात ते बघा. प्रत्येक दुकानाच्या स्वाइप मशीनला किंवा वेबसाइटच्या पेमेंट खात्याला व्यवसायानुसार एक चार आकडी कोड दिलेला असतो. कॅशबॅक द्यायचा की नाही हे बँकेची यंत्रणा त्या कोडवरून ठरवते. तुम्ही पैसे मोबाइलवरून भरले की काउंटरवर, हा प्रश्न नंतरचा. म्हणून विम्याचा हप्ता ऑनलाइन भरला तरी तो ‘ऑनलाइन खरेदी’ होत नाही, विमाच राहतो. पेट्रोल, विमा, वीज-मोबाइलची बिले, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, शाळा-कॉलेजची फी, सोने, रेल्वे तिकिटे, हप्त्यांवर घेतलेली वस्तू: कॅशबॅक कार्डांच्या वगळलेल्या यादीत यातली बरीचशी नावे सापडतात. जाहिरातीत ती यादी खाली बारीक अक्षरात असते. अर्जासोबत ‘अत्यंत महत्त्वाच्या अटी व शर्ती’ नावाचा कागद आणि एक पानी तथ्यपत्रक मिळायला हवे. सही करण्याआधी ते मागून घ्या आणि त्यात वगळलेल्या खर्चांची यादी आणि महिन्याची कमाल मर्यादा या दोनच गोष्टी शोधा. मर्यादा महिन्याला १,००० रुपये असेल, तर पाच टक्क्यांचा लाभ २०,००० च्या खरेदीपर्यंतच, पुढे शून्य. तुमच्या खर्चाला ही मर्यादा आड येणार नाही, पण दिवाळीत नवा फ्रिज घेताना येईल.

आता तुमच्या यादीतले पेट्रोल, बिले, विमा आणि रेल्वे बाजूला काढा. ऑनलाइनचे ४,५०० उरले, त्यावर ५ टक्के म्हणजे २२५ रुपये. किराण्याच्या ९,००० पैकी साधारण ५,००० सुपरमार्केटात आणि ४,००० गल्लीतला वाणी, भाजीवाली, दूधवाला यांच्याकडे जात असतील, असे आम्ही धरले आहे. सुपरमार्केटचे ५,००० आणि औषधांचे २,०००, मिळून ७,००० वर १ टक्का, म्हणजे ७० रुपये. महिन्याला २९५, वर्षाला ३,५४०. त्यातून शुल्काचे ९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,१७९ गेले. उरले २,३६१.

‘२ लाख खर्च केला की शुल्क माफ’ या वाक्यात एक मेख आहे. ज्यावर कॅशबॅक मिळतो असा तुमचा खर्च वर्षाला १,३८,००० होतो. पेट्रोल आणि बिले धरली तर २,१६,०००. माफीसाठी कोणता खर्च मोजला जातो हे कार्डागणिक बदलते. काही कार्डांत घरभाडे, वॉलेट यांसारखे खर्च त्यातूनही वगळलेले असतात. लेखी उत्तर घ्या. शुल्क वाचवायला म्हणून वरचे ६२,००० कसेतरी खर्च करायचे, हा प्रकार तेवढा करू नका.

त्याच बँकेचे किंवा दुसऱ्या एखाद्या बँकेचे आजीवन मोफत कॅशबॅक कार्ड मिळत असेल, तर टक्का थोडा कमी असला तरी तुमच्यासाठी तेच बरे. ऑनलाइनला ३ टक्के आणि बाकीला १ टक्का धरला तरी वर्षाला १,६२० + ८४० = २,४६० रुपये होतात, म्हणजे ५ टक्केवाल्या कार्डापेक्षा शंभर रुपये जास्तच. ‘मोफत’ म्हणजे पहिले वर्ष मोफत की कायमचे, हे मात्र स्पष्ट विचारा. दोन्हीकडे एकाच आठवड्यात अर्ज टाकू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात नोंदली जाते आणि लागोपाठच्या चौकशा पत गुणांकाला बाधतात.

रिवॉर्डचा हिशेब करताना पहिला प्रश्न एकच: एका पॉइंटचे किती पैसे? बिलात जमा करून घेतले किंवा खरेदीचे व्हाउचर घेतले तर मध्यम दर्जाच्या बऱ्याच कार्डांवर पॉइंट २० ते २५ पैशांना पडतो. २५ धरू. १५० रुपयांना ४ पॉइंट म्हणजे १ रुपया, म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही. तुमच्या १,३८,००० वर ३,६८० पॉइंट होतात, त्यांचे ९२० रुपये. हे कार्ड बिले आणि विमा यांवरही पॉइंट देते असे उदार मनाने धरले, तर त्या ६६,००० वर आणखी १,७६० पॉइंट, ४४० रुपये. एकूण १,३६०. शुल्क जीएसटीसह १,७६९. वर्षाअखेर तुम्हीच बँकेला ४०९ रुपये दिलेले असतात. भेटीचे २,००० पॉइंट म्हणजे ५०० रुपये, तेही पहिल्याच वर्षी, आणि अनेकदा पहिल्या ३०, ६० किंवा ९० दिवसांत ठरावीक खर्च केला तरच.

हा आकडाही कागदावरचा. पॉइंट दर १५० च्या पूर्ण पटीवर मोजतात. १४५ रुपयांच्या औषधावर काहीच नाही. २९० च्या बिलावर चारच पॉइंट, उरलेले १४० वाया. छोटी बिले जास्त असलेल्या घरात ही गळती बरीच होते. पॉइंट वटवताना काही बँका दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात. दोन-तीन वर्षांत ते बादही होतात. कॅशबॅक पुढच्या बिलात आपोआप वजा होतो, विसरायची सोयच नाही. पॉइंट मात्र लक्षात ठेवून वटवावे लागतात, आणि शाळा, घर, शेत सांभाळताना ते मागे पडतात. (कॅशबॅकमध्येही एक बघा: तो बिलात वजा होतो की एखाद्या अॅपच्या वॉलेटमध्ये पडतो? वॉलेटमध्ये पडत असेल तर तो नावाचाच कॅशबॅक.)

मग रिवॉर्ड कार्डे घेतो कोण? ज्यांचे विमानाने वर्षातून चार-सहा वेळा जाणे होते ते. काही चांगल्या कार्डांवर तोच पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये वळवला किंवा बँकेच्या प्रवास पोर्टलवर वापरला, तर एक रुपयापर्यंत जातो. तेव्हा १५० ला ४ रुपये, म्हणजे २.६७ टक्के, आणि कॅशबॅकचा १ टक्का त्यापुढे फिका पडतो. त्यातही तिकिटाची पूर्ण रक्कम पॉइंटांतून देता येईलच असे नसते, आणि तेच तिकीट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वस्त असू शकते. लाउंजचे म्हणाल, तर मुलगा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पाचोऱ्याहून पुण्याला जातो. मुंबईच्या विमानतळावरचा फुकट चहा त्याला कुठे मिळणार?

रेल्वे तिकीट कार्डाने काढूच नका. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरले तर सोय-शुल्क स्लीपरला १० आणि एसीला २० रुपये लागते. कार्डाने भरले तर १५ आणि ३०, सगळ्यावर जीएसटी वेगळा, आणि क्रेडिट कार्डाला पेमेंट गेटवेचा आकार वेगळा. आयआरसीटीसीच्या नावाची कार्डे पॉइंट देतात, पण ठळक लाभ असतो तो एसी वर्गांच्या तिकिटांवर. स्लीपरने जाणाऱ्याने ते कार्ड घेण्यात अर्थ नाही.

पेट्रोलचीही तीच गत. क्रेडिट कार्डाने पेट्रोल भरले की १ टक्का अधिभार लागतो आणि तो माफ होतो, असे कार्डावर लिहिलेले असते. पण माफी बहुतेक ४००-५०० रुपयांच्या वरच्या व्यवहारालाच, आणि अधिभारावरचा जीएसटी परत येत नाही. स्कूटीत दोनशेचे पेट्रोल टाकताना यूपीआय किंवा रोख द्या.

आता सोन्याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग प्रश्न हाच आहे. बँकेतल्या मुलाने सांगितलेले ढीगभर पॉइंट म्हणजे किती? दीड लाखावर ४,००० पॉइंट, म्हणजे १,००० रुपये. आणि तेही सोने वगळलेल्या यादीत नसेल तर. जळगावच्या सराफाकडे भाव मोजक्या नफ्यावर चालतो. कार्ड स्वाइप केले की दुकानदाराला त्याच्या बँकेला टक्केवारी द्यावी लागते, म्हणून कार्ड पुढे केले की बहुतेक पेढ्यांवर ‘वर दोन टक्के लागतील’ असे सांगतात किंवा मजुरीतली सूट काढून घेतात. दोन टक्के म्हणजे ३,००० रुपये. १,००० मिळवायला ३,००० द्यायचे! शिवाय तुमच्या कार्डाची मर्यादा ८०,०००-१,००,००० ठेवली गेली तर दीड लाख बसणारही नाहीत, आणि मर्यादा भरून वापरली की गुणांक खाली येतो. ती ३० टक्क्यांच्या आत वापरलेली बरी. सोन्याचे पैसे एनईएफटीने किंवा धनादेशाने द्या, एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख) क्रमांक असलेले हॉलमार्कचे दागिने आणि पक्के बिल घ्या, आणि मजुरीवर घासाघीस करा. तिथे दागिन्याच्या किमतीच्या एक टक्का सुटला तरी कार्डाच्या पॉइंटांपेक्षा जास्त झाला.

वाणी आणि भाजीवालीकडचे ४,००० राहिले. रुपे नेटवर्कचे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआय अॅपला जोडता येते. व्हिसा आणि मास्टरकार्डला ही सोय नाही. रुपेचे कार्ड घेतले तर क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डाने पैसे जातात. अडचण एवढीच की क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. गावातल्या पुष्कळ दुकानांत मालकाच्या स्वतःच्या नंबरचा क्यूआर चिकटवलेला असतो. तिथे अॅप क्रेडिट कार्ड घेत नाही आणि बचत खाते निवडायला सांगते. यूपीआयवरच्या खर्चाला कॅशबॅक कमी असतो किंवा नसतो, हेही अटींत बघा. १ टक्का मिळत असेल आणि निम्मी दुकाने चालत असतील तर वर्षाला २४० रुपये. मिळाले तर मिळाले.

ही सगळी बेरीज एका चुकीत जाते. समजा बिल ३०,००० आले आणि तुम्ही फक्त ‘किमान देय’ ५ टक्के, म्हणजे १,५०० भरले. उरलेल्या २८,५०० वर महिन्याला ३.५ टक्के व्याज ९९८ रुपये, त्यावर जीएसटी १८०, म्हणजे एका महिन्यात १,१७८ रुपये. तुमचा चार महिन्यांचा कॅशबॅक गेला. आणि हा कमीत कमी आकडा आहे, कारण व्याज देय तारखेपासून नव्हे तर खरेदीच्या तारखेपासून लागते, आणि बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाला हा दर ४२ टक्क्यांवर जातो. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नये असा ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. एटीएममधून कार्डाने रोकड काढली तर एक दिवसही बिनव्याजी नाही, वर काढण्याचे शुल्क वेगळे.

म्हणून कार्ड हातात आले की खरेदीच्या आधी दोन कामे करा. ऑटो-पे लावा, आणि त्यात ‘एकूण देय’ निवडा. ‘किमान देय’ असाही एक पर्याय असतो आणि पुष्कळ जण नकळत तोच ठेवतात. दुसरे, बिलाची तारीख बदलून घ्या. जिल्हा परिषदेचा पगार कधी एक तारखेला, कधी आठ-दहा तारखेला होतो. बिल २८ तारखेला निघेल असे ठेवले तर देय तारीख पुढच्या महिन्यात १७ च्या आसपास येते आणि पगार लांबला तरी खात्यात पैसे असतात. बिलाची तारीख आपल्या सोयीने निदान एकदा बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिला आहे. एखादे वेळी तारीख चुकलीच, तर तीन दिवसांच्या आत भरून टाका. उशिराचा दंड तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्यावरच लावता येतो.

पॉइंटांच्या नावाने एक फसवणूक सध्या जोरात आहे. ‘तुमचे ७,००० रुपयांचे पॉइंट आज रात्री बाद होणार, खालील लिंकवर वटवा’ असा संदेश येतो, कधी बँकेच्या चिन्हासकट, कधी अॅपची फाइल जोडून. लिंकवर कार्ड क्रमांक आणि ओटीपी दिला की पैसे गेले, आणि ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच अंगावर पडते. असे घडलेच तर आधी कार्ड ब्लॉक करा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

यजमानांसाठी सोपा मार्ग म्हणजे तुमच्याच कार्डावर पूरक कार्ड. खर्च एकाच बिलात येतो, कॅशबॅकही एकत्र जमतो. मात्र देणे सगळे तुमच्या नावावर, त्यामुळे त्यांच्या कार्डाला वेगळी मर्यादा घालून घ्या. स्वतःच्या नावाचेच हवे असेल, तर पगारपत्रक नसल्याने मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड बघा. ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्के मर्यादा मिळते आणि ठेवीवर व्याज चालू राहते. कापसाचे पैसे आले की २५,००० ची ठेव करून सुरुवात करता येईल. पण बियाणे आणि खते त्यावर घेऊन कापूस विकल्यावर फेडू, असा विचार असेल तर ते कार्ड नकोच. ५० दिवसांत फिटणार नाही ते पीक कर्जातून. किसान क्रेडिट कार्ड नावाने कार्ड असले तरी ते कर्ज खाते आहे. ३ लाखांपर्यंत ७ टक्के आणि वेळेवर फेडले तर ४ टक्के पडते. ४२ टक्क्यांशी त्याची तुलनाच नाही.

आणि कपाटातले जुने कार्ड. आधी त्याचे ताजे बिल अॅपवर पाहा. वापरले नसले तरी वार्षिक शुल्क आणि त्यावरचे व्याज चढलेले असू शकते. काही पॉइंट शिल्लक असतील तर ते वटवून घ्या, बंद केल्यावर मिळत नाहीत. थकबाकी शून्य केली की हेल्पलाइन, ईमेल किंवा अॅपवरून बंद करण्याची विनंती द्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे. ते कार्ड आजीवन मोफत निघाले तर मात्र लगेच बंद करू नका: ते कॅशबॅकचे असेल आणि आजही चालू असेल, तर नवे घेण्याआधी त्याच्याच अटी एकदा वाचून बघा.